‘मैं खेलेगा’च्या शहरात डोक्याला लागलं हे सांगणार कोण?

३१ जानेवारी २०२५ला गहुंज्याला इंग्लंडविरुद्धची टी-ट्वेंटी होती, बऱ्याच जणांनी बघितली असेल. शिवम दुबेने ५३ केल्या आणि शेवटच्या ओव्हरमध्ये जेमी ओव्हरटनचा बाउन्सर त्याच्या हेल्मेटवर बसला. पुढचा बॉलही तो खेळला. मग आपल्या फिल्डिंगला तो आलाच नाही, त्याच्या जागी कन्कशन सबस्टिट्यूट म्हणून, म्हणजे डोक्याला मार लागलेल्याच्या बदली खेळाडू म्हणून, हर्षित राणा आला, त्याने तीन विकेट काढल्या, मॅच आपण जिंकली, आणि तिथून पुढे दोन दिवस लोकलमध्ये, ऑफिसात, व्हॉट्सॲपवर एकच विषय चालू, की दुबेच्या बदल्यात राणा चालतोच कसा, हा बॅटिंग करून थोडी मिडियम पेस टाकणारा आणि तो तुफान फास्ट टाकणारा, मग ही चीटिंग का हुशारी. दुबे आपला मुंबईचा पोरगा, पण त्याचं डोकं कसं आहे, रात्री मळमळलं का, झोप लागली का, असं विचारणारा एकही मेसेज मला आला नाही. २ फेब्रुवारीला वानखेडेवर तो परत खेळला, चांगला खेळला, विषय संपला.

मला इथे दुबेला किंवा टीमच्या डॉक्टरांना काही बोल लावायचा नाहीये. शंका आली म्हणून बाहेर बसवणं आणि नंतर तपासून हिरवा कंदील देणं हे तेव्हाच्या नियमात बसत होतं. माझं म्हणणं आपल्याबद्दल आहे, बघणाऱ्यांबद्दल. डिसेंबर २०२०ला कॅनबेरात जडेजाला स्टार्कचा बॉल हेल्मेटवर लागला आणि त्याच्या जागी चहल आला तेव्हाही हेच झालं होतं, ऑस्ट्रेलियाचा कोच मॅच रेफ्रीशी हुज्जत घालत होता आणि आपण इकडे आपल्या टीमने कशी गेम केली यावर खूश होतो. म्हणजे डोक्याला लागणं हा प्रकार आपल्या डोक्यात एकतर बहाणा म्हणून बसलाय नाहीतर डावपेच म्हणून. आणि हे सगळं आझाद मैदानावर, शिवाजी पार्कात, प्रभादेवीच्या कबड्डीच्या मॅटवर खेळणारी पोरं ऐकत असतात ना.

कन्कशनमध्ये नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगतो कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. डोक्याला, मानेला, कधी नुसता छातीला जोरात दणका बसला तरी कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो. दह्याचं बंद भांडं जोरात हलवलं तर भांड्याला तडा जात नाही पण आतलं दही मोडतं, तसं काहीसं. रक्त येत नाही, टेंगूळ येईलच असं नाही, आणि सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो, कारण तो स्कॅन फ्रॅक्चर आणि रक्तस्राव शोधायला असतो, मेंदूच्या पेशींच्या कामातला बिघाड त्यात दिसत नाही. शुद्ध हरपली तरच कन्कशन, हा तर सगळ्यात पक्का गैरसमज, दहातल्या जवळपास नऊ जणांची शुद्ध जातच नाही. डोकं ठणकतं, गरगरतं, उजेड नकोसा वाटतो, तेच तेच परत विचारलं जातं, वाचलेलं लक्षात राहत नाही, उगाच चिडचिड होते, झोप बिघडते. यातलं बरंचसं बाहेरून दिसत नाही आणि काही तर दुसऱ्या दिवशी सुरू होतं. ऑगस्ट २०१९ला लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला आर्चरचा बॉल मानेवर लागला, तो खाली पडला, बाहेर गेला, तिथल्या टेस्ट पास केल्या, परत येऊन बॅटिंगही केली आणि ९२वर आउट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर डोकं दुखतंय आणि गुंगी आहे. कसोटी क्रिकेटमधला पहिला कन्कशन सब, लाबुशेन, त्याच दिवशी आला आणि स्मिथ पुढची कसोटी पण खेळला नाही. जगातले उत्तम डॉक्टर शेजारी असताना हे होतं, आणि स्मिथने सकाळी खरं सांगितलं म्हणून ते पुढे गेलं.

म्हणजे सगळी भिस्त खेळाडूच्या तोंडावर आहे, आणि तिथेच घोडं अडतं.

२००४ साली अमेरिकेत शाळकरी फुटबॉलपटूंवर, म्हणजे त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलच्या पोरांवर, मॅक्री आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, त्यात असं निघालं की ज्यांना कन्कशन झालं त्यातल्या निम्म्याहून कमी पोरांनी, ४७ टक्क्यांनी, कुणाला तरी सांगितलं. न सांगणाऱ्यांना कारण विचारलं तर दोन तृतीयांश म्हणाले की एवढं काही सीरियस वाटलं नाही, आणि ४१ टक्के म्हणाले मॅच सोडायची नव्हती. आता पहिलं कारण ऐकून कुणीही म्हणेल की हे अज्ञान आहे, पोस्टर लावा, लेक्चर द्या, सुटेल. तिथे तेच केलं. वॉशिंग्टन राज्याने २००९ला कायदा केला आणि २०१४पर्यंत पन्नासही राज्यांत तसे कायदे आले, खेळाडूला आणि पालकांना माहिती द्यायची, संशय आला की मैदानाबाहेर काढायचं, डॉक्टरच्या परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. बाहेर काढायच्या नियमाचा उपयोग आहेच. पण माहितीच्या बाबतीत नंतरच्या अभ्यासांत वेगळंच दिसायला लागलं, पोरांना लक्षणं पाठ असतात, पेपरात बरोबर लिहितात, आणि मॅचमध्ये तरी बोलत नाहीत. एमिली क्रोशस या संशोधिकेने कॉलेजच्या आइस हॉकीपटूंवर काम केलं, तिथे खेळाडू बोलेल का नाही हे बऱ्याच अंशी यावर ठरत होतं की आपल्या टीममधले बाकीचे अशा वेळी काय करतील असं त्याला वाटतं. बाकीचे खरंच काय करतील ते नव्हे, त्याला काय वाटतं ते. आणि हा अंदाज बहुतेकांचा वाईटाकडे झुकलेला असतो. मी तर सांगितलं असतं, पण बाकीचे दाबून खेळले असते, असं प्रत्येकाला वाटतं, आणि म्हणून कुणीच सांगत नाही.

हे वाचलं तेव्हा मला शिवाजी पार्कच दिसलं. पोराला सोडायला-आणायला म्हणून मी तिथे कट्ट्यावर बराच वेळ काढतो. एका प्रॅक्टिस मॅचमध्ये शॉर्ट लेगला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी जवळ, उभ्या असलेल्या पोराच्या हेल्मेटवर जोरात पुल बसला. तो खाली बसला, परत उठला, हेल्मेट काढून परत घातलं. पाचसात जण धावत आले, काय रे ठीक ना, आणि त्याने लगेच, विचार न करता, हो हो ठीक आहे म्हटलं. कुणीतरी पाणी मारलं. सर लांबून ओरडले, चल चल, काही नाही होत. पुढची ओव्हर तो तिथेच उभा होता. मी नंतर त्यातल्या तिघाचौघांशी वेगवेगळं बोललो, सगळ्यांचं म्हणणं एकच, काका त्याला बसवायला पाहिजे होतं पण तो स्वतःच नको म्हणाला असता, त्याला फट्टू म्हटलं असतं ना सगळ्यांनी. सगळ्यांनी म्हणजे कुणी, असं विचारल्यावर एकाला पण नाव सांगता येईना. तुम्हीच म्हटलं असतं का? छे, आम्ही नाही. म्हणजे हसणारं कुणीच नाही आणि तरी हसतील याची भीती अख्ख्या टीमला.

आता ही भीती येते कुठून, तर आपण सांगतो त्या गोष्टींतून. आणि मुंबईइतक्या या गोष्टी कुठे सांगितल्या जात नसतील. १९८९ला सियालकोटमध्ये सोळा वर्षांच्या सचिनच्या नाकावर वकारचा बॉल, रक्ताने शर्ट भरलेला, आणि तो म्हणतो ‘मैं खेलेगा’. सिद्धूने ही गोष्ट इतक्या वेळा सांगितलीय की मुंबईत बॅट हातात घेणाऱ्या प्रत्येक पोराला ती पाठ आहे. १९८१ला सिडनीत आपल्या शिवाजी पार्कचा संदीप पाटील ६५वर असताना पॅस्कोचा बॉल डोक्याला लागून कोसळला, बाहेर न्यावं लागलं, त्याच कसोटीत दुसऱ्या डावात परत बॅटिंगला आला, आणि पुढच्या कसोटीत ॲडलेडला १७४. एकनाथ सोलकर, हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, फॉरवर्ड शॉर्ट लेगला बॅटपासून हातभर अंतरावर, डोक्यावर काही नाही, २७ कसोटींत ५३ कॅच. मुंबईबाहेरचे पण घ्या, कुंबळे २००२ला अँटिगात फुटलेला जबडा बांधून बॉलिंग करतो आणि लाराला काढतो, पंत २०२५ला मँचेस्टरला मोडलेल्या पायाने लंगडत येऊन फिफ्टी करतो.

मला या गोष्टी आवडतात. सोलकरचं नाव निघालं की अजून अंगावर काटा येतो आणि यायलाच पाहिजे, हा आपला वारसा आहे, मुंबईचं खडूस क्रिकेट म्हणतात ते हेच. पण या सगळ्या गोष्टींत एक गफलत आहे जी आपण पोरांना कधी सांगत नाही. नाक, जबडा, पाय हे दुखणं माणूस सहन करतो आणि निर्णय त्याचा मेंदू घेतो. मार मेंदूलाच लागलेला असेल तर मी ठीक आहे हे जो सांगतोय तोच बिघडलेला आहे. २०१४च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला टक्कर लागली, तो साधारण १४ मिनिटं खेळत राहिला आणि मग त्याने रेफ्रीलाच विचारलं की ही फायनल आहे का. वर्ल्ड कपची फायनल खेळतोय हे ज्याला माहीत नाही त्याच्या ‘मैं खेलेगा’ला धैर्य कसं म्हणायचं? पंतच्या पायाचा निर्णय पंतचा. क्रामरच्या डोक्याचा निर्णय क्रामरवर सोडणं हा बाकीच्यांचा गुन्हा.

आणि ज्या गोष्टी आपण सांगत नाही त्या पण बघा. नरी कॉन्ट्रॅक्टर, भारताचा कॅप्टन, १९६२ला बार्बाडोसमध्ये ग्रिफिथचा बॉल डोक्याला लागला, कवटी फुटली, जीव वाचवायला ऑपरेशनं करावी लागली, रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल पुढे आला. अठ्ठावीस वर्षांचे होते, परत कसोटी खेळले नाहीत. रमण लांबा, भारताकडून खेळलेला बॅट्समन, फेब्रुवारी १९९८, ढाका, फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहिला, ओव्हरचे तीनच बॉल राहिलेत म्हणून हेल्मेट मागवलं नाही, बॉल डोक्याला लागला, तीन दिवसांनी वारला. हे दोन्ही नुसते कन्कशन नव्हते, कवटी फुटणं आणि मेंदूत रक्तस्राव होणं हा वेगळा, जास्त भयंकर प्रकार आहे, मान्य. पण मैदानावर पहिल्या दहा मिनिटांत हे आहे का ते आहे हे उघड्या डोळ्यांनी कुणाला सांगता येतं? आणि अगदी अलीकडचं म्हणजे विल पुकोव्हस्की, ऑस्ट्रेलियाचा पुढचा मोठा बॅट्समन म्हणून ज्याच्याकडे बघत होते, डोक्याला पुन्हा पुन्हा लागत गेल्यामुळे २०२५ला वयाच्या २७व्या वर्षी खेळ सोडून मोकळा झाला. त्याची गोष्ट कुठल्या कोचिंग कॅम्पला कुणी सांगितल्याचं ऐकलंय?

इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे, की पोरगं गप्प बसतं ते नुसतं मर्दानगीसाठी नाही. त्याच्यामागे हिशोब असतो आणि तो हिशोब मुंबईत फार कडक आहे. विरार, डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून किट बॅग सांभाळत येणारा पोरगा, त्याच्या बापाने बॅटसाठी कुठून पैसे उभे केलेत ते त्याला माहीत असतं. सिलेक्शनच्या मॅचमध्ये एकदा बाहेर बसलं की त्याच्या जागी उभा राहायला दहा जण तयार. शाळेच्या मॅचमध्ये त्याच्या बदली बॅटिंगला दुसरा कुणी येऊ शकत नाही, म्हणजे तो बसला तर टीम दहाची झाली, आणि हरले तर कुणामुळे हरले ते सगळ्यांना माहीत. कबड्डीत तर सरळ पोटाचा प्रश्न. रेल्वे, बँका, पोलीस, कंपन्यांच्या टीम, खेळाडू म्हणून नोकरी लागणं हे लालबाग-परळ-प्रभादेवीच्या कितीतरी घरांतलं स्वप्न आहे, आणि कराराच्या पोराला माहीत असतं की सीझन संपेपर्यंत आपण दिसलं पाहिजे. तिथे डॅशमध्ये डोकं कुणाच्या गुडघ्यावर आपटणं, साखळीत उचलून मॅटवर पाठीमागे पडणं हे रोजचं.

मुलींचं अजून वेगळं, आणि हे मला एका कबड्डी खेळणाऱ्या मुलीच्या आईशी बोलताना कळलं. मुलगी मैदानावर लपवत नाही, घरी लपवते. कारण डोक्याला लागलं असं घरी कळलं तर पुढचं वाक्य ठरलेलं, बास झाला आता खेळ, दहावी आहे. म्हणजे पोराला भीती टीमबाहेर जाण्याची आणि पोरीला भीती खेळच सुटण्याची, आणि दोघांचं तोंड बंद.

दहीहंडीचं तर काय बोलावं. २०२२ला सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला, मृत्यू झाला तर दहा लाख देऊ म्हणून जाहीर केलं, न्यायालयाने १४ वर्षांखालच्या मुलांना चढवायचं नाही म्हणून सांगितलं, वरच्या पोराला हेल्मेट आणि दोरी आली, हे सगळं चांगलंच झालं. पण दिवसभराचा क्रम डोळ्यासमोर आणा. पथक ट्रकमधून, बाइकवरून निघतं, दादर, घाटकोपर, ठाणे, एका दिवसात कितीतरी ठिकाणी थर लावायचे. मधल्या थरातला कुणी कोसळला, डोकं खाली आपटलं, हात मोडला तर तो हॉस्पिटलला जातो कारण हात वाकडा दिसतो. नुसतं गरगरत असेल तर? पाणी पितो, बसतो आणि पुढच्या हंडीला खांदा द्यायला उभा राहतो, कारण त्याची जागा ठरलेली असते, महिनाभर त्या जागेची प्रॅक्टिस झालेली असते आणि तो हलला तर वरचे सगळे खाली येतील. आणि गरगरणारा माणूस खांदा देतोय म्हणजे वर चढलेल्या सगळ्यांचा जीव त्याच्या डोक्याच्या भरवशावर. इथे तरी गप्प बसणं ही निष्ठा कशी असेल?

लपवून खेळण्याची किंमत काय, त्याचे आकडे आहेत. २०१६ला एल्बिन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, छोटा, ६९ तरुण खेळाडूंचा. लागल्यावर लगेच बाहेर बसले त्यांना बरं व्हायला सरासरी २२ दिवस लागले, जे खेळत राहिले त्यांना ४४. म्हणजे एक मॅच वाचवायला गेलेला पोरगा तीन आठवडे जास्त घालवतो, आणि ते फक्त खेळाचे नाहीत, अभ्यासाचे पण. पुस्तक उघडलं की डोकं दुखतं, वर्गातला गोंगाट सहन होत नाही, आणि घरचे म्हणतात मोबाइल कमी कर. पहिला मार भरला नसताना दुसरा बसला तर कोवळ्या वयात मेंदूला भराभर सूज येऊन जीव जाऊ शकतो, हे क्वचित होतं, पण होतं. कॅनडात ओटावाजवळची रोवन स्ट्रिंगर, १७ वर्षांची, शाळेच्या रग्बी टीमची कॅप्टन, २०१३ला अशीच गेली. एकाच आठवड्यात डोक्याला पुन्हा पुन्हा लागलं होतं. तिला अज्ञान होतं का? तिने स्वतः इंटरनेटवर कन्कशन शोधलं होतं, मैत्रिणींना मेसेज करून सांगितलं होतं की मला बहुतेक तेच झालंय. आईबापाला नाही सांगितलं, कोचला नाही. पुढे २०१८ला तिच्या नावाने ओंटारिओत कायदा झाला. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय टोचतं, तर तिने सांगितलं होतं. मैत्रिणींना सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या पोरींना हे आपण पुढे सांगायचं असतं हे कुणी शिकवलंच नव्हतं.

आता दुसरी बाजू, आणि ती साध्या माणसाची नाही. जडेजाच्या प्रकरणाच्या वेळी सुनील गावसकर जाहीरपणे म्हणाले होते की कन्कशन सब ही कल्पनाच मला पटत नाही, बाउन्सर खेळता येत नसेल आणि हेल्मेटवर लागला तर बदली खेळाडू मिळायचं कारण नाही, अर्थात नियम आहे म्हटल्यावर चहल खेळला त्यात चूक नाही. हे ज्याने हेल्मेटशिवाय वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर शतकं काढली त्या माणसाने म्हटलंय, त्यामुळे उडवून लावता येत नाही. पण मला नम्रपणे वाटतं की यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. बॉल हेल्मेटवर लागला ही तंत्रातली चूक, तिची शिक्षा खेळात मिळायलाच पाहिजे, रन मिळाले नाहीत, लय गेली, आउट झाला, सगळं कबूल. पण मेंदूची दुखापत ही शिक्षा म्हणून कुणी घेत नाही. शिवाय शॉर्ट लेगचा फिल्डर, नॉन-स्ट्रायकर, नेटमध्ये थ्रोडाउन देणारा, कबड्डीतला चढाईपटू, यांनी कुठला बाउन्सर वाईट खेळला होता? आणि जे हेल्मेटशिवाय तगले त्यांचा अनुभव आपण ऐकतो कारण ते तगले. शाळेत डोक्याला लागल्यावर ज्यांचा खेळ सुटला ते कॉमेंट्री बॉक्सपर्यंत पोचलेच नाहीत.

गैरवापर होईल, हा दुसरा आक्षेप. होईल थोडा. कॅप्टन लोक हुशार असतात. आयसीसीच्या पातळीवर त्यासाठी मॅच रेफ्री आहे, त्याने काय ते बघावं. पण शाळेच्या, क्लबच्या क्रिकेटमध्ये या भीतीपायी आपण काय वाचवतोय? एखादी मॅच कुणीतरी चलाखीने जिंकली तर आभाळ कोसळत नाही. पोरं नाजूक होतील म्हणणाऱ्यांना तर मी एवढंच विचारेन की रग्बी खेळणारे नाजूक आहेत का, तिथे तर डोक्याची तपासणी होईपर्यंत तात्पुरता बदली खेळाडू घ्यायची पद्धत कितीतरी वर्षं चालू आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पोरांना ‘बोला, घाबरू नका’ हे सांगत बसण्यात अर्थ नाही. बोलण्याचं ओझं ज्याच्या डोक्याला लागलंय त्याच्यावरून काढा. नियम एकच ठेवा, डोक्याला दणका बसला आणि त्यानंतर थोडीसुद्धा शंका आली, तो सेकंदभर जरी लटपटला, हरवल्यासारखा दिसला, तर त्या दिवसापुरता तो बाहेर. त्याला विचारायचंच नाही. विचारलं की तो ठीक आहे म्हणणार. निर्णय अंपायरचा किंवा सरांचा, आणि दोन्ही टीमला सारखा. एकदा नियम झाला की बसणं ही त्याची कमजोरी राहत नाही, जसं एलबीडब्ल्यू दिल्यावर कुणी त्याला पळपुटा म्हणत नाही. आणि टीम दहाची होऊ नये म्हणून शालेय स्पर्धांमध्ये, हॅरिस-गाइल्समध्येसुद्धा, डोक्याच्या दुखापतीसाठी पूर्ण बदली खेळाडू मिळाला पाहिजे, बॅटिंग-बॉलिंगसकट. याला पैसा लागत नाही, एक परिपत्रक लागतं. कबड्डीत तर बदली खेळाडू आधीपासून आहेत, आणि एक सोय अशी आहे जी कुणाच्या लक्षातच येत नाही, बाद झालेला खेळाडू तसाही बाहेर जाऊन बसतो. ज्याचं डोकं आपटलंय तो बाद होऊन बसला की कुणीतरी जाऊन दोन मिनिटं त्याच्याशी बोलावं, स्कोअर किती, आत्ता कोणाची चढाई होती, गेली मॅच कुणाशी होती, आणि अडखळला तर जिवंत झाला तरी आत पाठवू नये. बरोबर सांगितलं म्हणून सुटला असंही नाही, संध्याकाळपर्यंत लक्ष हवंच.

दुसरं, शेजारच्याला कामाला लावा. सीझनच्या पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर सांगावं की तुझ्या बाजूच्याला लागलं आणि तू मला येऊन सांगितलंस तर ती चुगली नाही, ते तुझं काम आहे, फिल्डिंगसारखं. आणि त्याच दिवशी एक प्रयोग करता येईल, चिठ्ठ्यांवर नाव न लिहिता प्रत्येकाने लिहायचं, तुझ्या मित्राला डोक्याला लागलं आणि तो बाहेर बसला तर तू हसशील का. मग त्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचायच्या. माझी खात्री आहे की बहुतेक चिठ्ठ्यांवर नाही असेल, आणि तो आकडा त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकणं हे शंभर पोस्टरांपेक्षा जास्त काम करेल, कारण गडबड माहितीची नाहीच आहे, एकमेकांबद्दलच्या अंदाजाची आहे.

सरांचा शब्द मुंबईच्या मैदानावर बापाच्या शब्दापेक्षा मोठा असतो, हे पालकांना चांगलं माहीत आहे. जे सर एकदा, फक्त एकदा, महत्त्वाच्या मॅचमध्ये आपल्या सगळ्यात चांगल्या बॅट्समनला डोक्याला लागलं म्हणून बसवतील आणि हरल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवतील, त्यांच्या मैदानावर पुढची दहा वर्षं कुणाला काही शिकवावं लागणार नाही. तसंच मोठ्या खेळाडूंचं. सचिन-पाटलांच्या गोष्टी सांगतच राहू, पण त्याच कार्यक्रमात एखाद्या रणजी खेळलेल्या माणसाने उठून सांगावं की मला अमुक साली डोक्याला लागलं होतं, मी आठ दिवस बसलो, परत आलो आणि रन केले. असे लोक आहेत मुंबईत. त्यांना विचारत कुणी नाही.

आणि घरच्यांनो, मॅच संपली की सर ग्रुपवर स्कोअरकार्ड टाकतात ना, त्याच्याखाली अजून एक ओळ मागून घ्या, आज कुणाच्या डोक्याला लागलं का, लागलं असेल तर नाव. ती ओळ आली की त्या रात्री त्या पोराला एकटं सोडू नका. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलताना जीभ जड होणं, एका बाजूचा हातपाय ढिला पडणं, झटका येणं, उठवून न उठणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता केईएम, सायन, जे जवळ असेल ते मोठं हॉस्पिटल गाठायचं. काही नसेल तर एकदोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग डॉक्टरांना विचारून हळूहळू चालणं, पळणं, नेट, एकेका टप्प्याला निदान एक दिवस, त्रास झाला की मागे. आणि मुलगी असेल तर तिला त्याच रात्री एक गोष्ट स्पष्ट सांगून टाका, की हे सांगितलंस म्हणून तुझा खेळ बंद होणार नाहीये.